हातभर अंतर

पृथ्वीभोवती माणसांनी हातात हात गुंफून साखळी धरावी, ही कल्पना शाळकरी मुलाला आणि विश्वशांतीच्या पुरस्कर्त्याला सारखीच मोहविते. तिचे गणितही अवघड नाही. हुगळीकाठच्या बराकपूरपासून निघून त्याच अक्षवृत्ताने पृथ्वीला वळसा घालावयाचा झाला, तर अंतर सुमारे ३७,००० किलोमीटर भरते. हात पसरलेला एक माणूस दीड मीटर व्यापतो असे धरल्यास अडीच कोटी माणसे पुरतात. २०११ च्या जनगणनेत एकट्या पश्चिम बंगालची लोकसंख्या नऊ कोटींहून अधिक होती. समुद्र आडवा येतो खरा, पण कल्पनेला नौका लागत नाही. मग अडते कोठे?

कलकत्त्याहून बराकपूरला जाणाऱ्या रस्त्यावर १८३१-३२ मध्ये जॉर्ज एव्हरेस्ट यांनी भूमापनासाठी सहा मैलांहून अधिक लांबीची आधाररेषा मोजली. पितळ आणि लोखंड यांच्या दहा फुटी जोडपट्ट्या एकीपुढे एक मांडल्या जात. मात्र त्या परस्परांना टेकू द्यावयाच्या नसत. मधले सहा इंच सूक्ष्मदर्शकांच्या साह्याने भरून काढीत. स्पर्शाने मापात चूक शिरेल, ही धास्ती. न शिवता पृथ्वी मोजता येते. माणसांची साखळी मात्र शिवल्यावाचून होत नाही. मराठीने येथे मोठीच गंमत केली आहे. दोन तुकडे जोडणे म्हणजे शिवणे, स्पर्श करणे म्हणजेही शिवणे. आणि ‘शिवाशिव’ हा शब्द त्यातूनच आला.

बराकपूरजवळच्या डमडम येथे जानेवारी १८५७ मध्ये दारूगोळ्याच्या कारखान्यातील एका मजुराने एका ब्राह्मण शिपायाकडे त्याच्या लोट्यातले पाणी मागितले. लोटा बाटेल म्हणून शिपायाने नकार दिला. मजूर उत्तरला, की गायीची नि डुकराची चरबी लावलेली काडतुसे दातांनी तोडावी लागतील, तेव्हा ही जात कोठे राहील? इंग्रज अधिकाऱ्याच्या अहवालात या मजुराचे नाव नाही. दलितांची इतिहासपरंपरा त्याला मातादीन म्हणते. ही वार्ता बराकपूरच्या छावणीत पसरली. २९ मार्चला मंगल पांडे याने बंदूक उचलली, तेव्हा जमादार ईश्वरी प्रसाद याने त्याला धरण्याचा हुकूम दिला नाही. शेख पलटू याने मात्र त्याला कवेत आवळून धरले. एकाला फाशी झाली, दुसऱ्याला बढती. नुसता हात धरला गेला एवढ्यावरून काही ठरत नाही, हे बराकपूरला पुरते ठाऊक आहे. आणि शिपायांच्या त्या एकजुटीतही पाणी मागणारा बाहेरच होता.

आजवरच्या मोठ्या मानवी साखळ्यांना बहुधा एक ‘बाहेर’ असते. २३ ऑगस्ट १९८९ रोजी एस्टोनिया, लाटव्हिया आणि लिथुआनिया या देशांतील लक्षावधी नागरिकांनी सहाशे किलोमीटरहून लांब साखळी धरली. सोव्हिएत सत्ता समोर होती, म्हणून शेजाऱ्याचा हात आपसूक हाती आला. पृथ्वीला वेढणाऱ्या साखळीपुढे असा कोणी प्रतिपक्ष नाही. तिच्यात शेजारी निवडता येत नाही आणि त्याचा हात धरण्यास तो माणूस आहे यावाचून दुसरे कारण उरत नाही. दूरच्या मेक्सिकोतल्या कोळ्याविषयी जिव्हाळा वाटणे सोपे, कारण तो लोटा मागावयास येत नाही. उलट साखळीत त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट उजव्या-डाव्या हाताच्या दोन माणसांतूनच जाते.

डमडमच्या त्या नकारानंतर सत्तर वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो अनुयायांसह चवदार तळ्यावर गेले. तेथे पाणी कोणाच्या लोट्यातून मागावयाचे नव्हते. तळे सार्वजनिक होते आणि नगरपालिकेने ते सर्वांना खुले असल्याचा ठरावही केला होता. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी घेतले, मग इतरांनी. तेवढ्याने तळे बाटले असे ठरवून सनातन्यांनी पुढे त्यातून १०८ घागरी पाणी उपसले आणि पंचगव्य मिसळून ते पुन्हा तळ्यात ओतले.