शिफारशीचा अधिकार

कोणता चित्रपट पाहावा, हा प्रश्न वरवर करमणुकीचा वाटला तरी त्याचा थोडा पाठपुरावा केला की तो प्रमाणशास्त्राच्या दारात जाऊन उभा राहतो. कारण जी वस्तू मी पाहिलेली नाही तिच्याविषयी दुसऱ्याच्या शब्दावर मी का आणि कितपत विसंबावे, हेच त्यात विचारलेले असते. नैयायिकांनी शब्दाला प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या पंक्तीला बसवताना ही अडचण ओळखली होती, आणि म्हणूनच शब्द प्रमाण ठरायचा तर तो आप्ताचा असला पाहिजे, म्हणजे सांगणाऱ्याने ती वस्तू स्वतः जाणलेली असावी आणि जशी आहे तशी सांगण्याची त्याला इच्छा असावी, अशी अट त्यांनी घातली. न्यायभाष्यकार वात्स्यायनाचे औदार्य असे की, हे लक्षण त्याने ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या तिघांनाही सारखेच लागू केले.

या कसोटीवर मोबाइलच्या पडद्यावरचे साडेतीन तारे घासून पाहावेत. ते कोणी दिले, कोणत्या मनःस्थितीत दिले, देणारा शेवटपर्यंत जागा होता की नाही, निर्मात्याशी त्याचे काही देणेघेणे होते की काय, यांपैकी कशाचाच थांग त्यांवरून लागत नाही. हजारो मतांची सरासरी काढून दशांशचिन्हासह जो आकडा झळकतो, त्याची तर तऱ्हाच निराळी. मत देणाऱ्यांनी चित्रपट पाहिला असेल, सरासरीने तो पाहिलेला नसतो.

तथापि गुण मोजण्याची हौस आजची आहे असे समजून आजच्या पिढीला नावे ठेवणे अन्यायाचे होईल. भरताच्या नाट्यशास्त्राचा सत्ताविसावा अध्याय सबंध या मोजणीलाच वाहिलेला आहे. स्मित, हास्य, वाहवा, हळहळ, अंगावर उठणारे रोमांच, आसन सोडून उभे राहणे, नटाच्या दिशेने वस्त्र वा अंगठी फेकणे, ही सर्व मानुषी सिद्धीची, म्हणजे प्रयोगाच्या माणसी यशाची, गमके. आणि प्रेक्षागृह गच्च भरलेले असूनही जेथे आवाज नाही, चुळबुळ नाही, विघ्न नाही, ती दैवी सिद्धी. प्रयोगातील यशापयश टिपून ठेवण्यासाठी लेखक आणि गणक बसवावेत आणि स्पर्धा असेल तर विजेत्याला पताका द्यावी, इतका चोख कारभार तेथे सांगितला आहे. मात्र निवाडा करणारे प्राश्निक दहा प्रकारचे: यज्ञ जाणणारा, नर्तक, छंदांचा जाणकार, वैयाकरण, राजा, धनुर्धर, चित्रकार, गणिका, गायक आणि राजसेवक, त्यांतील प्रत्येकाने आपापल्या प्रांतापुरतेच बोलायचे, धनुर्धराने नटाच्या पवित्र्यावर आणि वैयाकरणाने त्याच्या शब्दांवर. शिवाय सारे गुण एकाच प्रेक्षकात सापडणे शक्य नाही, तरुण शृंगारात रमेल, शूर युद्धात, विरक्त मोक्षाच्या गोष्टीत आणि वृद्ध पुराणकथेत, हेही भरताने मोकळेपणाने मान्य केले आहे. आपण गणकाला कायम ठेवले आणि दहाही प्राश्निकांना बडतर्फ केले.

सांगलीला प्राश्निक आणि गणक यांच्यातल्या या फरकाचा इतिहास घरचाच आहे. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले ते संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांच्या आज्ञेने. प्राश्निक एकच, तोच आश्रयदाता आणि तोच सरकार. 1851 साली आप्पासाहेब निवर्तल्यावर भाव्यांना मंडळी घेऊन गावोगाव फिरावे लागले आणि पैसे मोजून आत येणाऱ्या अनोळखी प्रेक्षकाच्या पसंतीवर पोट भरावे लागले. दरबारी मेहेरबानीपेक्षा हा प्रेक्षक मला अधिक सन्माननीय वाटतो, हे येथेच नमूद करतो. आश्रयदात्याच्या लहरीवर कलेने जगावे, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही.

आता उदाहरणाकडे वळतो. चैतन्य ताम्हाणे यांचा ‘द डिसायपल’ हा 2020 सालचा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात पटकथेसाठी गौरवला गेला, परंतु तो प्रथम मिरजेत पाहिला जावा असे मला वाटते. जेथे तंबोऱ्याचे भोपळे उन्हात वाळतात आणि अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ मीरासाहेबांच्या दर्ग्यात दरसाल गाणे होते, त्या गावात. शरद नेरुळकर नावाचा एक तरुण शास्त्रीय गायनाच्या साधनेत आयुष्य घालवतो आणि थोरपण त्याच्या हाती लागत नाही, एवढेच कथानक. रात्रीच्या मुंबईत तो संथपणे मोटारसायकल चालवीत जातो आणि त्याच्या कानांत माई नावाच्या दिवंगत विदुषीची ध्वनिमुद्रित व्याख्याने चालू असतात: साधना, एकांत, वैराग्य. सुमित्रा भावे यांच्या आवाजातली ती वाणी इतकी शांत आणि निःशंक आहे की शरदने सारे आयुष्य तिच्या हवाली केले याचे नवल वाटत नाही. पुढे जुन्या ध्वनिमुद्रिका जमवणारा एक गृहस्थ त्याला माईंच्या खाजगी वर्तनाच्या काही हकिकती ऐकवतो, तेव्हा शरद समोरच्या पेल्यातले पाणी त्याच्या तोंडावर फेकतो. शब्दप्रमाणाचा सबंध प्रश्न त्या पेल्यात आहे. आप्त म्हणून ज्याला मानले तो आप्त नसेल, तर त्याच्या शब्दावर घालवलेल्या वर्षांचे काय, याचे उत्तर चित्रपट देत नाही, आणि न देण्यातच त्याचा प्रामाणिकपणा आहे.

हा चित्रपट मी कोणाला सांगेन? रियाझ करून थकलेल्या गायकाला अवश्य. नुकताच गंडा बांधलेल्या मुलाला आज नव्हे. येथे वेदान्त्यांचा अधिकारिभेद, म्हणजे ज्याची जशी पात्रता तसा त्याला उपदेश हे तत्त्व, कामी येतो, आणि येथेच सातारा जिल्हा माझी मान पकडतो. ज्या मातीत सत्यशोधकांनी मूळ धरले, ज्या जिल्ह्यातल्या काले या गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्थेचा पाया घातला, तेथे उभे राहून अधिकाराची भाषा बोलणाऱ्याने जपूनच बोलावे. कारण ‘तुझा अधिकार नाही’ या एका वाक्याने शतकानुशतके ज्ञानाचे दरवाजे बंद ठेवले गेले. या बाजूने पाहता त्या बिनचेहऱ्याच्या ताऱ्यांचे पारडे जड होते, कारण तेथे विद्वानाचे मत आणि हमालाचे मत एकाच भावाने मोजले जाते. या आक्षेपाला माझ्यापाशी संपूर्ण उत्तर नाही; एवढेच म्हणता येईल की शिफारस करणाऱ्याच्या हाती दरवाजाची किल्ली असता कामा नये. मी सुचवावे, आणि ऐकणाऱ्याने ते झुगारून देण्यास पूर्ण मुखत्यार असावे.

‘मानवत मर्डर्स’ ही 2024 सालची मराठी मालिका कोणाला सुचवावी, हे याच कारणाने मला अवघड वाटते. गुप्तधन आणि संतती यांच्या लोभापायी 1970 च्या दशकात परभणीकडे झालेले ते खून सांगलीच्या सई ताम्हणकर, सोनाली कुलकर्णी आणि आशुतोष गोवारीकर यांनी अंगावर येतील असे उभे केले आहेत. नरेंद्र दाभोलकरांच्या साताऱ्यात ती पाहणाऱ्याला तीत अंधश्रद्धेविरुद्धचा युक्तिवाद दिसेल, दुसऱ्या कोणाला केवळ थरार. माझ्या लेखी तपासाचा भाग सरस आणि भयाचा भाग किंचित लांबलेला आहे. ‘देऊळ’ हा चित्रपट मात्र जुना होत चालला तरी कोणालाही बेधडक सांगावा.

मध्यंतरी गावभागातल्या आमच्या शेजारच्या वहिनींनी विचारले, “भाऊजी, मुलीकडं चाललीय. काय बघू सांगा, पण रडायला लावणारं नको.” माझ्या मनात रोहन कानवडे यांचा ‘साबर बोंडं’ होता, 2025 साली सनडान्स महोत्सवात परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक मिळवलेला. वडील वारल्यावर मुंबईचा मुलगा दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी येतो, नातलग लग्नाचा तगादा लावतात, आणि बालपणीच्या मित्रावरचे त्याचे प्रेम हलकेच उमलते. वहिनींच्या घरचे वर्षश्राद्ध नुकतेच आटोपलेले. काहीही न लपवता सारे सांगून टाकले आणि पसंती त्यांच्यावर सोपवली. त्यांनी तो पाहिला. शेवट घाईत उरकला असे त्यांचे मत पडले, जे मला मान्य नाही. दहाव्याची माणसे अगदी आपल्यासारखी आणि ती दोन्ही पोरे गुणी, असेही त्या म्हणाल्या. मग माझ्यादेखतच त्यांनी कऱ्हाडच्या थोरल्या बहिणीला फोन लावून तो सुचवला आणि वर बजावले, “अक्का, दाजी झोपल्यावर लाव, नाहीतर निम्म्यात बंद करायला लावतील.”