दोन तासं ज्वारी

1861 साली अमेरिकेत यादवी पेटली. तिथल्या दक्षिणेच्या बंदरांतून कापूस निघेनासा झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. खामगावच्या बाजारात कापसाच्या गाड्यांची रीघ लागली. चार वर्षांनी युद्ध थांबलं, अमेरिकेचा माल पुन्हा जहाजांवर चढला आणि भाव गडगडले. बाजार मात्र टिकला. 1870 मध्ये जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटाही आला, तो या कापसाच्याच जोरावर.

त्या तेजीत पंचक्रोशीतल्या एका गावात एक सून नांदायला आली. ही गोष्ट तिची. गोष्ट म्हणूनच सांगतो, भोवतीचा काळ तेवढा खरा आहे. सासऱ्यानं हौसेनं घडवलेली चांदीची कडी तिनं पाहिली, आणि भाव पडल्यावर तीच कडी सावकाराच्या ओट्यावर गेलेलीही पाहिली. पुढं कारभार हाती आला तेव्हा तिनं एक नेम धरला. कपाशीची आठ तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी, झाली की दोन तासं ज्वारीची. जास्तीची ज्वारी जमिनीतल्या पेवात जायची, आणि बियाण्याची निवडक कणसं चुलीवरच्या आढ्याला, धुरात.

पोरं मोठी झाली तशी कुरबुर सुरू झाली.

"मांय, कपाशीच्या पैशात लागंल तेवढी जवारी इकत भेटते," थोरला म्हणे.

"भेटते तवर भेटते, बापू. अन् बैलाले काय पैसा खाऊ घालशील?"

म्हातारीचं बोलणं अडाणी नव्हतं. पऱ्हाटी चुलीत जाते. कडबा देते ती ज्वारी.

1899 चा पावसाळा कोरडा गेला. जुनी माणसं ज्याला छप्पनचा दुष्काळ म्हणत, तो हाच, संवत 1956 चा. कपाशी करपली, धान्याचे भाव माणसाच्या आवाक्याबाहेर गेले, दावणीची जनावरं उभ्या उभ्या खंगली. म्हातारीनं पेव उघडायला लावलं. उघडलं की लगेच कुणी आत उतरायचं नाही. कोंडलेली हवा जीव घेते. आधी दोरीनं दिवा सोडला. तो विझला. तोंड उघडं ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा सोडला, तेव्हा तेवत राहिला. मग धाकटा उतरला. तळाची ज्वारी काळवंडली होती, कुबट वास मारत होती. तरी ती दळली, खाल्ली, शेजारीही वाटली.

वैशाखात पेव रिकामं झालं. राहिली ती बियाण्याची, आढ्याची कणसं मळून, राख लावून कणगीत ठेवलेली. थोरला दिवसभर सरकारी कामावर खडी फोडून यायचा, लेकरं अर्धपोटी निजायची. एका रात्री त्यानं कणगीचं लिंपण फोडलं. हात आत गेला, तेव्हा आई शेजारी येऊन बसली.

"लेकरं उपाशी हायेत, मांय."

"मले दिसत नाई का? हे आठ दिवस पुरंल. नवव्या दिवशी काय पेरशील?"

तिनं आपल्या वाटची भाकर नातवांच्या ताटलीत ठेवली आणि कणगी पुन्हा लिंपली. उपाशी लेकरांसमोर बियाणं राखणं हे क्रूर वाटतं, मलाही वाटतं. पण एकराला चार किलोच्या आसपास बी पुरतं, आणि घराचं पुढचं वर्ष अशाच मुठींवर निघतं.

1900 मध्ये पाऊस आला. गावात जमीन भिजली, बी मात्र नव्हतं. माणसं म्हातारीच्या ओट्यावर आली. थोरल्यानं हळूच विचारलं, "सवाई लावू?"

"काऊन? जेवढं नेलं तेवढंच आणा म्हणा, पण उपणून आणा. अन् दरसाल कपाशीत दोन तासं जवारीची सोडा म्हणा."

माप भरून देताना तिचा हात थरथरत होता. बी घ्यायला आलेल्यांत गेल्या साली तिच्या तासांना हसलेलेही होते. तिनं त्यांचंही माप तसंच शीग लावून भरलं.

पुढल्या साली म्हातारी अंथरुणाला खिळली होती. थोरल्यानं तिफण जुंपली आणि कुणी सांगायच्या आत चाड्यावर पहिली मूठ ज्वारीची धरली. खामगावात कापसाला काय भाव आहे, हे त्यानं पेरणी आटोपल्यावर विचारलं.