धडा पाठविला, पण पोहोंचला काय?

वाचकहो, एक साधा प्रश्न आहे, परंतु त्याचें उत्तर देतांना शहाण्यांचीहि जीभ अडखळते. एखाद्या शिक्षकानें धडा तयार केला, तो वेळेवर मुलांकडे पाठविला, आणि पाठविल्याची नोंद आपल्या वहींत करून ठेविली. इतक्यानें त्याचें कर्तव्य पुरें झालें काय? कीं मुलाच्या हातीं व मनांत तो धडा उतरेपर्यंत तें अपुरेंच राहतें? पेटींत पत्र टाकणाऱ्या मनुष्यास आपण दोष देत नाहीं; पत्र वाटेंत हरवलें तर तो दोष टपालाचा. मग शिक्षकासच निराळा नियम कां लावावा? सातारा व सांगली या आपल्या दोन जिल्ह्यांनीं हा प्रश्न पुस्तकांत नव्हे, तर आपल्या ओसरीवर पाहिला आहे; म्हणून त्याचा येथें शांतपणें विचार करूं.

सन २०२० च्या मार्च महिन्यांत कोरोनाच्या सांथीमुळें सर्व शाळा बंद झाल्या. सांगली जिल्ह्यांतील इस्लामपूर शहरीं त्याच महिन्यांत एका कुटुंबांतून रोग पसरल्याचें उघडकीस आलें, आणि गांवोगांव लोक धास्तावले. लवकरच राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनें ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नांवाची अभ्यासमाला सुरू केली. रोजचा अभ्यास व्हॉट्सॲपवरून शिक्षकांकडे व तेथून पालकांच्या फोनवर येऊं लागला. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्रि वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांकरितां ‘टिलीमिली’ ही मालिका दाखविण्यांत आली. पाठ्यपुस्तकांवर चौकोनी ठिपक्यांच्या खुणा छापलेल्या होत्या. त्यांस क्यूआर कोड म्हणतात. त्यांवर फोन धरला कीं धड्याचीं चित्रें व आवाज उमटत. हें सर्व थोडें नव्हे. शंभर वर्षांपूर्वीं अशी आपत्ति आली असती, तर शाळा बंद म्हणजे शिक्षण बंद असेंच झालें असतें. ज्यांनीं रात्रीचा दिवस करून हे धडे रचले, त्यांचे आपण ऋणी आहों.

परंतु आतां त्या फोनच्या दुसऱ्या टोंकास काय होतें तें पाहा. अशी कल्पना करा कीं एका घरीं तीन मुलें आहेत व फोन एकच आहे. बाप सकाळीं कामास निघाला, कीं फोन त्याच्या खिशांत गेला. तो सायंकाळीं परत येतो, तेव्हां दहावींतील थोरला मुलगा फोन मागतो, कारण त्याची परीक्षा. मधल्या मुलीस उरलेला वेळ मिळतो. आणि धाकटी, जिला अजून अक्षरें जुळवितां येत नाहींत, तिची पाळी येईपर्यंत रिचार्ज संपलेला असतो. पाटण तालुक्याच्या खोऱ्यांतील वाड्यांवर फोन असूनहि रेंज नाहीं; ती शोधावयास टेकडी चढावी लागते. आणि उसाच्या हंगामांत बीडकडून येऊन जीं कुटुंबें कृष्णाकांठच्या फडांवर कोप्यांत राहतात, त्यांच्या मुलांची गोष्ट काय सांगावी? ज्या कोपींत विजेचा दिवा नाहीं, तेथें फोनची बॅटरी कोठें भरावी? या सर्व मुलांकडे धडा पाठविला गेला होता. पाठविल्याची नोंदहि खरी होती. तरी पण तो पोहोंचला नव्हता.

आपल्या भागांतील शेतकऱ्यास ही गोष्ट फोड करून सांगावयास नको. टेंभू, ताकारी, म्हैसाळ या योजनांचें पाणी कृष्णेंतून उचलून दुष्काळी भागाकडे नेलें जातें. जेथें पंप चालतो तेथें उभें राहिलें, कीं पाण्याचा लोट पाहून मन हरखतें. परंतु पाटाची खरी परीक्षा तेथें होत नाहीं. ती टेलच्या शेतांत होते. त्या शेताचा धनी रात्रभर कंदील घेऊन चारीवर बसला असेल आणि सकाळीं चारी कोरडीच असेल, तर ‘वरून पाणी सोडलें होतें’ या उत्तरानें त्याचें पीक जगत नाहीं. विद्येचेंहि असेंच आहे. ती किती सोडली हा हिशेब वरच्यांचा. ती शेवटच्या मुलापर्यंत किती आली, हा हिशेब न्यायाचा.

येथें कोणी म्हणेल, ‘त्या वेळीं दुसरा उपाय होता काय? मुलांस एकत्र बसवून रोग पसरवावा अशी तुमची इच्छा होती काय?’ हा आक्षेप खरा आहे, आणि त्यास उडवून लावणें अन्यायाचें होईल. संकटांत जें साधन हातीं येईल तें वापरावें, हाच धर्म. आमचें म्हणणें एवढेंच, कीं नाइलाजानें केलेल्या गोष्टीस नाइलाज असें नांव द्यावें, सिद्धि असें देऊं नये. अर्धीं मुलें अंधारांत असतां ‘शिक्षण अखंड चाललें आहे’ असें बोलण्यांत जो दोष आहे, तो साधनाचा नसून सत्याविषयींच्या आपल्या ढिलाईचा आहे.

आंकडे काय सांगतात तेंहि पाहूं. देशांतील खेड्यापाड्यांची ‘असर’ नांवाची शैक्षणिक पाहणी होत असते. २०१८ सालीं शाळेंत नांव असलेल्या मुलांपैकीं ३६.५ टक्के मुलांच्या घरीं स्मार्टफोन होता. २०२२ सालीं तो ७४.८ टक्के मुलांच्या घरीं आला. म्हणजे साधन दुप्पट झालें. त्याच काळांत तिसरींतील ज्या मुलांस दुसरीचें पुस्तक वाचतां येत होतें, त्यांचें प्रमाण २७.३ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांवर उतरलें. हा दोष फोनचा असें आम्ही म्हणत नाहीं. शाळा बंद होत्या, हेंच मुख्य कारण. परंतु यावरून एवढें निश्चित होतें, कीं घरोघर साधन आल्यानें शिक्षकाची उणीव भरून निघाली नाहीं. पुढें शाळा उघडल्या, शिक्षक व मुलें पुनः समोरासमोर बसलीं, आणि २०२४ च्या पाहणींत तें प्रमाण पुनः २७.१ टक्क्यांवर आलें. आपल्या राज्यांत खेड्यांतील पहिली ते चौथीचे वर्ग उघडण्यास १ डिसेंबर २०२१ हा दिवस उजाडला होता. जें मूल २०२० च्या जून महिन्यांत पहिलींत दाखल झालें, तें दुसरींत गेल्यावर प्रथम वर्गांत बसलें! त्या मुलानें दीड वर्ष शिक्षकाचा आवाज ऐकला असेल. परंतु त्याची पाटी पाहून ‘हें अक्षर असें नव्हे, असें काढ’ म्हणणारा हात त्यास मिळाला नव्हता.

तथापि त्याच काळांत कित्येकांनीं हें अंतर ओळखलें. शेजारच्या सोलापुरांत नीलमनगर या कामगारवस्तींतील आशा मराठी विद्यालयाच्या शिक्षकांनीं घरांच्या भिंतींवर धडे रंगविले, म्हणजे ज्याच्यापाशीं फोन नाहीं त्या मुलानें गल्लींतून जातां-येतां ते वाचावे. पालघर जिल्ह्यांतील पाड्यांवर ‘बोलकी शाळा’ या नांवानें कर्णे नेऊन धडे ऐकविण्यांत आले. कित्येक गांवीं शिक्षक दुचाकीवर बसून वस्त्यांवर गेले, पारावर किंवा देवळाच्या ओवरींत चार-चार मुलें दूर-दूर बसविलीं, आणि वह्या तपासल्या. सोलापूर जिल्ह्यांतील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले हे तर त्या क्यूआर कोडचे कर्ते म्हणून प्रसिद्ध. ३ डिसेंबर २०२० रोजीं त्यांस दहा लाख डॉलरचें जागतिक शिक्षक पारितोषिक जाहीर झालें, तेव्हां अर्धी रक्कम आपण शेवटच्या फेरींतील इतर नऊ शिक्षकांस वांटणार असें त्यांनीं सांगितलें. भिंत, कर्णा, दुचाकी व कोड, हीं साधनें किती निराळीं! परंतु तीं वापरणारांच्या मनांत प्रश्न एकच होता: माझ्या मुलांपैकीं कोण राहिलें?

मुलापर्यंत पोहोंचणें हें केवळ मैलांचें अंतर तोडणें नव्हे, हेंहि लक्षांत ठेवावें. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं सातारा येथील सरकारी शाळेंत भीमराव आंबेडकर या बालकाचें नांव दाखल झालें. तो वर्गांत होता. शिक्षक चार पावलांवर होता. तरी त्यास घरून आणलेल्या तरटावर वेगळें बसावें लागे, आणि तहान लागली तरी दुसऱ्यानें नळ सोडल्याशिवाय पाणी मिळत नसे. तेथें ना तार तुटली होती, ना रेंज गेली होती; जें तुटलें होतें तें माणसाचें मन. उलट, कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं कऱ्हाडजवळ काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापिली, आणि १९२४ पासून साताऱ्यांत सर्व जातींचीं मुलें एका छपराखालीं ठेविलीं. दूरच्या खेड्यांतील गरिबाच्या मुलास शाळा कशी मिळावी, हाच दूरशिक्षणाचा प्रश्न तेव्हांहि होता. त्यांनीं त्यास जें उत्तर दिलें, त्यांत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांचे अंगावरील दागिने मुलांच्या अन्नासाठीं विकले गेले. त्या माउलीनें मुलांस केवळ वस्तु दिली नाहीं; वस्तूबरोबर आपणा स्वतःस दिलें.

दूर राहून शिकणें व्यर्थ आहे, असा याचा अर्थ कोणी घेऊं नये. नाशिकच्या मुक्त विद्यापीठानें १९८९ पासून नोकरी किंवा शेती करणाऱ्या असंख्य स्त्री-पुरुषांस घरबसल्या विद्या दिली आहे. परंतु तेथेंहि अभ्यासकेंद्र असतें व मार्गदर्शन करणारा मनुष्य असतो. शिवाय प्रौढ विद्यार्थी वाचावयास शिकलेला असतो. सहा वर्षांच्या मुलास अजून बोट धरावयास पाहिजे असतें.

आतां दुसरा आणि अधिक अवघड प्रश्न. सांथ गेली, शाळा उघडल्या, परंतु फोन परत गेला नाहीं. जो गुरु म्हणून घरांत आला, तो कित्येक घरीं धनी होऊन बसला. आईबाप म्हणूं लागले, ‘मूल ऐकत नाहीं.’ खरें, पण तें कोणाचें पाहून शिकलें?

ज्या मुक्त विद्यापीठाचा वर उल्लेख केला, त्यास यशवंतराव चव्हाण यांचें नांव आहे. त्यांचा जन्म देवराष्ट्रे गांवीं झाला. त्याच कडेगांव तालुक्यांत मोहित्यांचें वडगांव म्हणून सुमारें तीन हजार वस्तीचें गांव आहे. तेथील लोकांच्या ध्यानांत आलें, कीं टाळेबंदींत अभ्यासाकरितां हातीं दिलेला फोन शाळा सुरू झाल्यावरहि मुलांच्या हातून सुटत नाहीं. सरपंचांनीं प्रथम गांवांतील स्त्रियांची सभा घेऊन त्यांची संमति मिळविली. मग १५ ऑगस्ट २०२२ पासून असा नेम सुरू झाला, कीं रोज सायंकाळीं सात वाजतां देवळावरील भोंगा वाजावा, आणि साडेआठपर्यंत गांवांतील सर्व घरांनीं मोबाईल व टीव्ही बंद ठेवावे. त्या दीड तासांत मुलांनीं अभ्यास करावा, मोठ्यांनीं वाचावें, लिहावें किंवा एकमेकांशीं बोलावें. प्रारंभीं कित्येक हंसले. परंतु ग्रामपंचायतीचे सेवक व शिक्षक घरोघर फिरून आठवण देत राहिले, आणि नेम रुळला.

यावर कोणी म्हणेल, ‘भोंग्याच्या धाकानें आलेला सद्गुण तो सद्गुण कसला? मनुष्यानें आपल्या विवेकानें वागावें.’ तत्त्व म्हणून हें बरोबर आहे. परंतु विवेक हाहि सवयीनेंच बळकट होतो, आणि एकट्या घरास जें साधत नाहीं तें साऱ्या आळीनें मिळून केल्यास साधतें. एकट्या आईनें टीव्ही बंद केला तर मूल शेजारीं पळतें. साऱ्या आळीचे टीव्ही बंद झाले तर पळावयास जागाच नाहीं. त्याहून मोठी गोष्ट ही, कीं त्या भोंग्यानें केवळ मुलांस बांधलें नाहीं; बापासहि बांधलें. जी गोष्ट आपण स्वतः सोडावयास तयार नाहीं, ती लेंकरानें सोडावी असें सांगण्याचा अधिकार आपणांस नाहीं. मोहित्यांच्या वडगांवांतील दीड तासाचें खरें मोल फोन बंद राहण्यांत नाहीं. बाप मुलाजवळ बसण्यांत आहे.

अशा प्रकारें दोन्ही प्रश्नांचें उत्तर एकाच ठिकाणीं येऊन मिळतें. मुलास साधन देणें सोपें आहे. साधनाबरोबर आपणा स्वतःस देणें कठीण आहे, आणि शिक्षण तें हेंच. पत्र टाकणारा मनुष्य पत्र टाकून मोकळा होतो, कारण पत्र वाचणारा मोठा असतो. शिक्षक व आईबाप मोकळे होत नाहींत, कारण त्यांचा वाचक लहान आहे.

तर वाचकहो, आपणांपैकीं जे शिकवितात त्यांनीं आपल्या वहींत ‘धडा पाठविला’ या रकान्याशेजारीं ‘कोणास पोहोंचला नाहीं’ असा दुसरा रकाना आंखावा, आणि त्यांतील नांवांच्या घरीं पायीं जावें. ज्यांच्या घरीं फोन आहे त्यांनीं शेजारच्या मुलास आपल्या अंगणांत बसूं द्यावें. ज्यांस वाचतां येतें त्यांनीं रोज अर्धा तास एका मुलाचें वाचन ऐकावें. त्यास ना वीज लागते, ना रेंज. आणि ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांनींहि मुलाशेजारीं बसून ‘आज काय शिकलास, मला सांग,’ एवढें म्हणावें. पुढें पुनः कधीं शाळेचें दार लागलें, तर नव्या काळाचीं साधनें याहून चांगलीं असतील यांत शंका नाहीं. परंतु शेवटच्या घराची वाट ज्या गांवास ठाऊक आहे, त्याच गांवाचीं मुलें तेव्हां अंधारांत राहणार नाहींत.