नव्या पुस्तकावरील दुसऱ्याचा हक्क

नवे पुस्तक हाती आल्याबरोबर त्याच्या पहिल्या पानावर आपले नाव घालावे, ही इच्छा कुमारवयात जितकी उत्कट असते तितकी पुढे क्वचितच राहते. आणि महाड-पोलादपुरासारख्या, जेथे घरात पुस्तक येण्याचे प्रसंगच मोजके, अशा मुलखात तर ती अधिकच समजण्याजोगी आहे. गौरीगणपतीला मुंबईहून येणाऱ्या चाकरमान्याच्या पिशवीतून, शाळेच्या पारितोषिक समारंभातून किंवा साठवलेल्या खाऊच्या पैशांतून एखादा ‘फास्टर फेणे’, गो. नी. दांडेकरांची एखादी कादंबरी किंवा संगीता बर्वे यांची ‘पियूची वही’ घरात येते, तिला खाकी कागदाचे कव्हर चढते, आणि दुसऱ्याच दिवशी वर्गातला सोबती विचारतो, “तुझं झालं की मला देशील?” हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक आहे, परंतु मालकी, दान आणि समता या तिहींविषयी माणसाची निष्ठा कोणती, याची पहिली परीक्षा बहुधा याच प्रश्नाने होते.

विद्या दिल्याने वाढते, हे वचन आपण मुलांना लहानपणापासून ऐकवतो. ते खरे आहे, पण या ठिकाणी ते अपुरे पडते. कारण विद्या वाढत असली तरी पुस्तक झिजते. कोकणातल्या चार महिन्यांच्या पावसात पाने दमट होतात, कव्हराला बुरशी धरते, कसर लागते, आणि परत आलेल्या पुस्तकाचा एखादा कोपरा दुमडलेला असतोच. म्हणून ‘नाही’ म्हणणारा मुलगा कृपण आहे, असा निवाडा तडकाफडकी देऊ नये. एका नाशवंत वस्तूवरचे त्याचे प्रेम खरे आहे. त्याला जे उत्तर द्यावयाचे ते या नाशवंतपणाचा विचार करूनच दिले पाहिजे.

असे उत्तर शोधण्यासाठी या मुलखातील मुलांना फार दूर जावे लागत नाही. महाड तालुक्यात, वरंध घाटाच्या कुशीत, शिवथरची घळ आहे. तेथे समर्थ रामदासांनी ‘दासबोध’ सांगितला आणि कल्याणस्वामींनी तो उतरून घेतला, अशी संप्रदायाची परंपरा आहे. त्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा आरंभ लेखनक्रियेच्या निरूपणाने होतो. परमार्थाचा उपदेश करणारे समर्थ तेथे अक्षराचे वळण, ओळींतील अंतर, शाई आणि कागद यांचा विचार दप्तरी काटेकोरपणाने करतात, आणि पानाच्या भोवती मोकळी जागा सोडावयास सांगतात. म्हणजे कागदाच्या कडा झडल्या तरी अक्षराला धक्का लागत नाही. ग्रंथ हाताळला जाणार आणि झिजणार, हे त्यांनी गृहीतच धरले होते. झिजू नये म्हणून तो पेटीत ठेवा असे न सांगता, झीज सोसूनही तो वाचता येईल असा लिहा, असे त्यांनी सांगितले. आणि पुढे मठामठांतून ‘दासबोधा’च्या प्रती झाल्या त्या याच वृत्तीने. पुस्तकाची झीज ही म्हणून त्याची केवळ हानी नव्हे. ज्या कार्यासाठी ते निर्माण झाले, त्या कार्याचा तो अटळ आणि इष्ट खर्च आहे.

पोलादपुरात याहून बोलकी साक्ष आहे. शिवछत्रपतींचे चरित्र संस्कृत काव्यात गाणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी तेथे आहे; परंतु त्यांच्या ‘शिवभारता’ची पोथी जतन झाली ती दूर तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात, आणि १९२७ साली स. म. दिवेकर यांनी संपादन करून ती पुण्याहून प्रसिद्ध केली, तेव्हा ती महाराष्ट्राच्या हाती आली. काव्य अपुरेच मिळाले. पण जेवढे मिळाले तेवढे, त्याची प्रत कोणे एके काळी कोणाच्या तरी हातून दुसऱ्याच्या हाती गेली म्हणून मिळाले. ग्रंथाचे रक्षण करावयाचे तर त्याला स्थिर ठेवून भागत नाही, त्याला फिरते ठेवावे लागते.

येथवर आले म्हणजे कोणी म्हणेल की, ठीक, पुस्तक देणे हे पुण्यकर्म झाले, ज्ञानदान झाले. मला नेमका या ठिकाणी थोडा विरोध नोंदवावयाचा आहे. दानात देणाऱ्याचा हात वर आणि घेणाऱ्याचा खाली असतो. दान कितीही निरपेक्ष असले तरी ही पायरी सहसा मोडत नाही, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मनाला ती पायरी फार बोचते. सोबत्यासोबत्यांमधील पुस्तकांची देवघेव ही दानाच्या नव्हे, तर गोपाळकाल्याच्या जातीची आहे. सप्ताहाच्या अखेरीस काल्याच्या कीर्तनानंतर जो प्रसाद हातावर पडतो त्यात कोणाच्या घरचे पोहे आणि कोणाच्या घरचे दही, हे कोणी विचारीत नाही; तेथे दाता उरत नाही आणि याचकही उरत नाही. शिवाय, दान घेणाऱ्यावर परतफेडीचे बंधन नसते, पण पुस्तक नेणाऱ्यावर ते वेळेवर आणि धडपणे परत आणण्याचे बंधन असते. हे बंधन त्याचा कमीपणा नसून त्याच्या बरोबरीची खूण आहे. कारण जबाबदारी समानावरच टाकता येते.

म्हणूनच पुस्तकाविषयी बोलताना ‘उपकार’ हा शब्द टाळून ‘हक्क’ हा शब्द वापरावा असे मला वाटते, आणि या शब्दाचा खरा अर्थ महाडइतका दुसऱ्या कोणत्या गावाने शिकवला असेल? सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांसही खुले असावेत, हा रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले केले. परंतु ठराव दप्तरात राहिला आणि जुनी वहिवाट तळ्यावर राहिली. अखेर २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहस्रावधी बांधवांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. ते पाणी कोणी त्यांना दान दिले नव्हते; ते त्यांचेही होते. त्या संगराचे मोल निराळे आणि पुस्तकाच्या देवघेवीचे निराळे, हे मी जाणतो. तरीही जे सर्वांचे आहे त्याची अंमलबजावणी कागदावर नव्हे तर हातांनी करावी लागते, हे तत्त्व दोन्हीकडे एकच आहे. ज्या समाजाने शतकानुशतके पाणी आणि अक्षर अशा दोहोंवर पहारा बसवला, त्या समाजातील मुलाने आपले नवे पुस्तक शेजारच्या बाकावरच्या मुलीला, तिचे आडनाव न विचारता, देणे ही लहान गोष्ट नव्हे.

आणि ज्या संचयासाठी हा सारा अट्टाहास, तो तरी किती शाश्वत? जुलै २०२१ मध्ये सावित्री आणि गांधारी या नद्यांचे पाणी महाडच्या घराघरांत शिरले. त्या आठवड्यात दरडींखाली गेलेल्या माणसांच्या हानीपुढे कागदाची हानी काहीच नव्हे. पण खालच्या मजल्यावरची कुलूपबंद कपाटेही त्या पाण्याने पाहिली. ज्या घरचे पुस्तक त्या वेळी डोंगरावरच्या वाडीतील एखाद्या मित्राच्या दप्तरात असेल, तेवढेच त्या घराचे सुरक्षित राहिले असेल. अपरिग्रह हे यतींचेच व्रत आहे असे आपण समजतो. या नद्यांच्या काठी तो सामान्य शहाणपणाचा भाग आहे.

पोलादपुराहून आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरापलीकडे गेले की भिलार लागते. तेथील गावकऱ्यांनी एका सरकारी योजनेतून २०१७ पासून आपल्या घरांतील खोल्या पुस्तकांसाठी आणि अनोळखी वाचकांसाठी उघड्या ठेवल्या आहेत. तशी योजना आपल्या गावी येईपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. माझा निवाडा असा : पुस्तकाच्या कागदावर विकत घेणाऱ्याची मालकी आहे, कथेवर नाही, पहिले वाचन त्याचे, दुसरे वाचन सोबत्याचे. म्हणून मुलांनो, नव्या पुस्तकावर आपले नाव अवश्य घाला; पण त्याखाली पुढच्या वाचकांच्या नावांसाठी जागा मोकळी सोडा, आणि पावसाळ्यात ते देताना प्लास्टिकच्या पिशवीत घालून द्या.