भाकरीचा तुकडा

(वाचावें : उत्पत्ति 18:1-15)



मम्रेच्या राईंत भर उन्हाच्या वेळीं अब्राहाम तंबूच्या दाराशीं बसला असतां तीन पुरुष त्याच्या दृष्टीस पडले. तो धांवत सामोरा गेला, भूमीपर्यंत लवला, आणि पाय धुण्यास थोडें पाणी व खाण्यास भाकरीचा एक तुकडा घेऊन मग पुढें जावें, अशी त्यानें त्यांस विनंति केली. पाहुण्यांनीं होकार दिला. तेव्हां तो त्वरेनें तंबूंत गेला, आणि सारेला त्यानें काय सांगितलें? तीन मापें सपीठ मळून भाकरी कर! मूळ इब्री शास्त्रांत त्या मापाचें नांव सआ असें आहे. तीन सआ म्हणजे आजच्या मापानें सुमारें 20 लिटर पीठ होतें. पिठाचा अदमास आमच्या भगिनींस आहेच. एवढ्या पिठाच्या साठ-सत्तर भाकरी सहज होतील. आणि पाहुणे तीन.

पुरुषाच्या तोंडीं जो तुकडा होता, तो बायकोच्या हातीं पोहोंचेपर्यंत परातींत मावेनासा झाला.

हें आपल्या गांवांतहि नित्य घडतें. पाळक किंवा उपदेशक भेटीस येतात. घरधनी ओट्यावरून आंत वळून म्हणतो, “अगं, पाळकसाहेब आलेत. कांहीं करत बसूं नको, नुसता घोटभर चहा टाक.” चहा टाकावयाचा तर पातेलें हवें, त्यांत सकाळचें दूध करपलेलें, म्हणून तें आधीं घासणें आलें. घासावयास पाणी पाहिजे, तर हंड्याच्या तळाशीं तांब्याभरच उरलेलें. हातपंपावर जावें तर कडेवरचें मूल कोणाजवळ द्यावें? सासूबाईंजवळ दिलें तर त्यांच्या हातचें निवडण राहिलें, आणि दळण गिरणीवर जावयाचें तें संध्याकाळवर गेलें. बहुतेक घरांतून जातें गेलें हें खरें, पण धान्य चाळून, निवडून, डबा डोक्यावर घेऊन जाण्याचें काम गिरणीवाला करीत नाहीं. पाणी आलें तों साखर संपलेली. शेजारणीकडून वाटीभर आणली. ती वाटी परत जातांना रिकामी जावयाची नाहीं, म्हणजे उद्यांचेंहि एक काम आजच ठरलें. इतक्यांत बाहेरून पुन्हां हांक येते, “सतरंजी दे गं.” सतरंजी पेटीखालीं, पेटी सरकविली तों मागचें पोतें उंदरांनीं कुरतडलेलें. सांडलेलें धान्य तसेंच टाकून कोणती गृहिणी स्वस्थपणें चहा गाळील? जेथें गॅस आला तेथें चूल फुंकण्याचें संकट टळलें, एवढेंच.

शेवटीं चहा बाहेर जातो. तोंवर गीत झालेलें असतें, वाचन झालेलें असतें, प्रार्थनेचें आमेनहि झालेलें असतें. ज्या घरांत देवाचें वचन आलें, त्या घरच्या बाईच्या कानीं तें पडलेंच नाहीं! तीहि बाप्तिस्मा पावलेली आहे. तिच्याहि आत्म्यास भूक लागते. वचन घेऊन जाणारे आपणच एका घोटासाठीं तिला त्यापासून दूर ठेवितों, हें मला फार गंभीर वाटतें.

अब्राहामास दोष देणें उचित नव्हे. तो त्या वेळीं 99 वर्षांचा होता. तरी गुरांकडे तो स्वतः धांवत गेला, चांगलें वासरूं त्यानें स्वतः निवडलें, आणि पाहुणे जेवीत असतां झाडाखालीं त्यांच्यापाशीं उभा राहिला. आमचे किती यजमान असे उभे राहतात? तथापि एक गोष्ट पाहा. पाहुण्यांपुढें काय वाढलें याची याद शास्त्रांत आहे : दहीं, दूध आणि तें वासरूं. भाकरीचें नांव नाहीं. भाकरी खाल्ली असेलच, पण 20 लिटर पीठ कोठें गेलें तें याद वाचून कळत नाहीं. घरकामाचें असेंच आहे; केलें तर कोणास दिसत नाहीं, राहिलें तर साऱ्या गांवास दिसतें.

पाहुण्यांच्या दृष्टीआड मात्र तें गेलें नाहीं. त्यांनीं विचारिलें तें सारेविषयींच, कीं ती कोठें आहे? ती तंबूंत आहे, असें अब्राहामानें सांगितलें. आपल्याकडेहि “ती आंत आहे” हेंच उत्तर मिळतें, आणि विषय तेथें संपतो. मम्रे येथें तो तेथून सुरू झाला. पुत्राचें वचन सारेच्या नांवानें आलें, आणि तंबूच्या दाराआड उभ्या असलेल्या त्या 90 वर्षांच्या बाईनें तें ऐकलें. ती मनांतल्या मनांत हंसली; पाठीमागचें तें हंसणेंहि प्रभूस कळलें, आणि त्याचें उत्तरहि तिला मिळालें.

मार्थेला बोल लावणारे उपदेश मंडळीनें पुष्कळ ऐकले आहेत; ते देणारा बहुधा जेवून उठलेला असतो. ती कामांनीं चोहोंकडे ओढली जात होती, असा मूळ ग्रीक शब्दाचा भाव आहे. प्रभूनें तिला दोनदां नांव घेऊन हांक मारिली, ती मायेची हांक होती.

अलीशाचें वागणें आम्हां उपदेशकांनीं विशेष ध्यानांत घ्यावें. शुनेमच्या बाईनें त्याला आग्रहानें जेवूं घातलें. त्या जेवणांतून पुढें माडीवरची खोली निघाली, आणि खोलींतून पलंग, मेज, आसन व दिवा. परंतु हें तिनें नवऱ्याशीं बोलून केलें; आणि अलीशानेंहि गेहजीकरवीं तिला विचारिलें, कीं तूं आम्हांसाठीं एवढी खटपट केलीस, तर तुझ्यासाठीं काय करावें? खाऊन तो मुकाट्यानें निघून गेला नाहीं.

तर उपदेशकबंधूंनो, घरीं गेल्यावर आधीं घरधनीण कोठें आहे तें विचारा. ती येऊन बसली म्हणजेच पुस्तक उघडा. चहा प्रार्थनेनंतर होऊं द्या, आणि ज्यानें त्यानें आपला कप विसळावा. तहान असेल तर पाणी अवश्य मागा, पण तें यजमानांनीं आणावें. हंडा पुरुषाच्या खांद्यावर दिसला तर गांव हंसेल, असें कोणी म्हणतात. प्रभूच्या शेवटल्या भोजनाची जागा शिष्यांस कशी सांपडली तें मार्काच्या 14 व्या अध्यायांत पाहावें. नगरांत पाण्याची घागर घेऊन जाणारा एक पुरुष भेटेल, त्याच्या मागें जा, असें प्रभूनें सांगितलें होतें. आणि ते त्याच्या मागें गेले.