मार्चमधली वेळ

टाइम ट्रायलमध्ये लपायला कुणाची पाठ नसते. एकेका मिनिटाने एकेक जण सुटतो. पुढच्याला गाठलं तर त्याच्या आडोशाने वारा चुकवायचा नाही, बाजूने निघून जायचं. सायकलवाले हिला सत्याची शर्यत म्हणतात. नाव जरा मोठंच आहे.

इंग्लंडात ही रुजली ती पोलिसांच्या धास्तीने. रस्त्यावरच्या घोळक्याच्या शर्यतींना तिथल्या सायकल संघटनेनेच मनाई केली, तेव्हा एफ. टी. बिडलेक यांनी एकेकाला सोडण्याची युक्ती काढली. पहिली शर्यत १८९५ सालची. पहाटे निघायचं, अंगात काळे कपडे, मार्ग सांगायचा तो खुणेच्या भाषेत. आजही तिथले मार्ग अक्षरं आणि आकडे जोडलेल्या संकेतांनीच ओळखले जातात. चोरून सुरू झालेल्या खेळाला सत्याचं बिरुद लागलं.

मार्च येतो. क्लबची दहा मैलांची शर्यत लागते. हिवाळाभर घरात टर्बो ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी सायकल चालवायच्या यंत्रावर, घाम गाळलेला कुणी नोकरदार पाठीला नंबर लावून उभा राहतो. मागून एक जण सीट धरतो, वेळ लावणारा पाचापासून उलटं मोजतो. नोकरदाराला एवढंच कळायला हवं असतं, की हिवाळा कामी आला का.

घड्याळाला हा प्रश्न ऐकूच येत नाही. ते फक्त वेळ सांगतं.

थंड हवा दाट असते. दाब तोच धरला, तर ५ अंशांची हवा २५ अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ७ टक्के जड. तोच माणूस, तितकेच वॅट, आणि दहा मैलांत अर्ध्या मिनिटाच्या आसपास तोटा.

वाऱ्याचा हिशेब तर आणखी आडमुठा. जाताना नडला, येताना पावला, फिट्टंफाट झाली, असं वाटतं. ताशी ४० किलोमीटरने जाणारा जाताना ३४ने गेला आणि येताना ४६ने आला, तर कागदावर सरासरी ४०च दिसते. घड्याळात मात्र अर्ध्या मिनिटाहून जास्त गेलेलं असतं. नडणाऱ्या वाऱ्यात आपण जास्त वेळ असतो. आयुष्यातही असतोच, पण ते असो.

सायकलवरचं वॅट मोजणारं यंत्र हवेची लबाडी पकडतं. माणसाची पकडत नाही.

पहिली दोन मिनिटं सगळेच तरुण असतात. श्वासाला कामाचा खरा बोजा कळायलाच तेवढा वेळ लागतो. तोवर पाय आपल्या गंगाजळीतून खर्च भागवतात आणि कुरकुरत नाहीत. जुलैतला स्वार या गोडीला फसत नाही, कारण आठवड्या-आठवड्याला तो फसून शहाणा झालेला असतो. मार्चमध्ये तो शहाणपणा गंजलेला असतो. दम थोडा कमी पडतो, अंदाज फार कमी पडतो. वळसा घेऊन परतताना जे पाय जड होतात, त्यांत हिवाळ्याचा दोष थोडा आणि पहिल्या मैलाचा जास्त.

मार्चमधली वेळ ही नुसती चाचणी. शेतकरी ओंबी चोळून दाणा चिकात आहे की पक्का झालाय ते बघतो, तशी. चिकात निघाला म्हणून कुणी शेत नांगरून टाकत नाही. सायकलवाला मात्र एका रविवारच्या वेळेवरून सगळा सराव उलटापालटा करतो, नवी चाकं घेतो. वेगाला पैसा लावायचा तर आधी गणित बघावं: हवेशी झुंजताना वेग १० टक्के वाढवायला ताकद ३३ टक्के जास्त लागते.

विक्रमांच्या यादीत मार्च शोधू नये. इंग्लंडच्या आल्फ एंगर्सने पंचवीस मैल पन्नास मिनिटांच्या आत मारले, ते १९७८च्या ऑगस्टमध्ये. तिथल्याच बेरिल बर्टनने बारा तासांत २७७.२५ मैल कापून पुरुषांचा विक्रम मागे टाकला, तो १९६७चा सप्टेंबर.

मग मार्चमध्ये शर्यतीत उतरायचं कशाला? आपण स्वतःला केवढं समजत होतो ते तपासायला. निघण्याआधी आपली वेळ चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. परतल्यावर आधी चिठ्ठी बघा, मग निकालाचा फळा. तफावत उणी निघो वा अधिक, ती तुमच्या अंदाजाची. आणि ही वेळ वहीत मांडताना जुलैच्या शेजारी मांडू नका. त्याच मार्गावरच्या गेल्या मार्चशेजारी मांडा, सोबत तापमान आणि वाऱ्याची दिशा लिहून.