आतली बाजू

बसा. पाठ ताणू नका. हात मोकळे सोडा.

श्वास आत येतो आहे. येऊ द्या. बाहेर जातो आहे. जाऊ द्या.

पारशिवनीत सकाळ होते आहे. पेंचेकडून गार वारा येतो आहे. घरामागच्या सांदवाडीत, धुण्याच्या दगडाशेजारी, एक पितळेचा गुंड ठेवला आहे. जुना, जड, भंडाऱ्याच्या पितळेचा.

त्याच्याकडे पाहा. नुसतं पाहा.

बाहेरून तो लखलखतो आहे. चिंच लावून, राखेनं घासलेला. त्याच्या पोटावर ऊन पडलं आहे. कडुनिंबाची फांदी त्यात वाकडी दिसते. जवळ गेलात तर तुमचा चेहराही दिसतो, पसरट, सोनेरी.

थांबा इथंच. घाई नाही.

आता थोडं वाका. गुंडाच्या तोंडातून आत पाहा.

आधी अंधारच दिसतो. डोळे सरावू द्या. मग हळूहळू तळ दिसू लागतो. तळाशी थर आहे, हिरवट, काळपट. यात ताक ठेवलं तर ते कळकेल.

बाहेरची लकाकी खोटी नाही. तिथं खरोखर हात फिरला आहे. फक्त आत फिरलेला नाही.

श्वास घ्या.

मत्तयाच्या शुभवर्तमानात, तेविसाव्या अध्यायात, येशू भांड्याबद्दलच बोलतो. तुम्ही बाहेरून घासता, आधी आतून घासा, असं सांगतो. हे तो कुणाला सांगतो? ज्यांना गावानं पापी ठरवलं आहे, त्यांना नाही. नेमानं उपास करणाऱ्या परूश्यांना सांगतो, पुदिना आणि जिऱ्याचाही दशमांश मोजून देणाऱ्यांना सांगतो. म्हणून ते शब्द उपासनेला रोज बसणाऱ्या आपल्यासाठी आहेत.

ते टोचू द्या. लगेच उत्तर शोधू नका.

आता एक आवाज ऐका, तुमचाच. रविवारी, मंडळीत, उभं राहून प्रार्थना करतानाचा. किती छान शब्द सापडतात तेव्हा!

मग दुसरा ऐका. रात्री झोप येत नाही तेव्हाचा, कुणीही ऐकत नसतानाचा.

दोहोंमध्ये किती अंतर आहे?

निवाडा करू नका. अंतर आहे तिथं थोडं बसा.

आतल्या बाजूकडे वळलेल्या एका माणसाची गोष्ट ऐका. पारशिवनी तालुक्यातल्या कन्हानवरून नागपूरहून राजनांदगावला जाणारी आगगाडीची वाट आहे. या वाटेवरून 1893 च्या सुमारास मराठी कवी नारायण वामन टिळक प्रवास करत आहेत. डब्यात एक अनोळखी गोरा गृहस्थ आहे. गप्पा रंगतात, आणि तो नव्या कराराची प्रत टिळकांच्या हाती ठेवतो. पुढे टिळक ती उघडतात, वाचू लागतात आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकतात. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा होतो.

मला त्या पानांची फार ओढ आहे. दान देशील तर गाजावाजा नको. प्रार्थना करशील तर दार लावून कर. उपास असेल तर तोंड धू, डोक्याला तेल लाव, कुणाला कळूच देऊ नकोस. तिथं सगळं असं आतल्या बाजूला चाललं आहे.

पुन्हा श्वास घ्या. गुंडाकडे या.

एक बाई दगडापाशी येऊन बसते. हातात काथ्या आहे, वाटीत चिंचेचा कोळ. ती गुंड आडवा करते. हात आत जातो, मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत. आता दिसत काही नाही. घासण्याचा आवाज तेवढा येतो.

ऐका तो.

गुंड काय करतो आहे? काहीच नाही. स्वतःच्या आत हात घालणं त्याला जमणारं नाही. तो तोंड उघडं ठेवून पडून आहे.

बाईनं नाक मुरडलेलं नाही. थर किती जुना आहे, हे ती विचारत नाही. तिचा हात तळापर्यंत पोचतो.

कृपा म्हणजे मला हेच दिसतं. ढोंग नको म्हणून आपण बाहेरूनच आणखी जोरात घासत राहतो. मी किती पापी, हेही चारचौघांत सुंदर बोलता येतं, आणि तीही एक लकाकीच होते. आत पोचणारा हात आपला नाही. आपल्याकडून एवढंच हवं आहे, की तोंड मिटू नये.

उघडे राहा. एक श्वास. आणखी एक.

लूकच्या शुभवर्तमानात एक जकातदार मंदिरात दूर उभा आहे. वर पाहायचीही त्याची हिंमत नाही. तो हिशेब देत नाही. दया मागतो, एका वाक्यात. पुढं उभा असलेला परूशी मात्र आपल्या उपासांची यादी वाचतो आहे. देवापुढे नीतिमान ठरून घरी जातो तो जकातदार.

आता दार लावा. खरंच उठून लावा. जे कुणालाही सांगितलेलं नाही, ते देवाला सांगा. शब्द सजवू नका. बोली जशी येते तशीच येऊ द्या.

आणि सांगताना कुणाचं नाव पुढे आलं, ज्याचे पैसे द्यायचे राहिलेत किंवा ज्याची माफी मागायची राहिली आहे, तर आजच त्याच्या घरी जा. पुढच्या रविवारी त्या भेटीची साक्ष द्यायची गरज नाही.